काढून टाकलेले अकरा पॉइंट

पाणी दोनशे चाळीस मीटरपर्यंत छान आलं आणि तिथं उभं राहिलं.

मुरबाड तालुक्यातली डोंगराच्या पायथ्याची वाडी. ओढ्यावर एका संस्थेनं लहानसा बंधारा बांधून दिला होता आणि त्यातलं पाणी शेतांपर्यंत न्यायला वाडीनं श्रमदानानं पाट खणला होता. चाळीस घरं, एकोणीस दिवस. त्या सकाळी बंधाऱ्याची फळी काढली, तशी सगळी वाडी पाण्याबरोबर चालायला लागली. बायका, पोरं, दोन कुत्री. कोरड्या पाटातून पाणी दबकत दबकत जातं, पुढे फेस आणि काटक्या ढकलत. आम्हीही त्याच्याच चालीनं चाललो होतो. मग ते मंदावलं. काटक्या जागच्या जागी गोल फिरायला लागल्या. पुढचा पाट कोरडा ठणठणीत, आणि मागून येणारं पाणी काठावरून खालच्या अंगाला सांडायला लागलं.

"येईल, येईल," आमचे साहेब म्हणाले. "जमीन पितेय."

जमीन पीत नव्हती. मला ते लगेच कळलं, कारण ती जागा मला नकाशावर पाठ होती. आणखी एका माणसालाही कळलं होतं. लहूदादा काठावर उकिडवा बसून विडी ओढत होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागानं बघितलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

मी शहापूरला एका खासगी सर्व्हे ऑफिसात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारी. शिक्षण दहावी. अक्षर बरं आणि हात स्थिर, एवढ्यावर नोकरी लागली. नव्वदचं दशक संपता संपता साहेबांनी कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी वेगळी खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, वर त्यांच्या घरच्या जुन्या पडद्याचं कव्हर. वर्षभर त्याला कुणी हात लावेना. मी कल्याणच्या रद्दीवाल्याकडून प्रोग्रॅमिंगचं फाटकं पुस्तक आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत बसायला लागले. पुस्तकाची शेवटची वीस पानं नव्हती. ती मी माझ्या डोक्यानं भरून काढली. याचा मला किती गर्व झाला होता ते आता सांगायला नको. पुढे कळेलच.

आमचं काम असं. जमिनीवर दर दहा मीटरवर एक पॉइंट धरायचा. तिथं एक माणूस स्टाफ घेऊन उभा राहतो. स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी. दुसरा माणूस लांबून डंपीतून, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीतून, पट्टीवरचा आकडा वाचतो. त्यावरून त्या जागेची उंची निघते, तिला आम्ही लेव्हल म्हणतो. सगळ्या लेव्हल एका वहीत उतरवतात, ते लेव्हल बुक. मग सारख्या उंचीच्या जागा जोडत नकाशावर रेषा काढायच्या. अशाच रेषेच्या कडेनं, अगदी थोडा उतार देत पाट नेला की पाणी आपोआप चालतं.

या रेषा हातानं काढायला तीन दिवस लागायचे, आणि वेड्यावाकड्या यायच्या. कारण प्रत्येक लेव्हलमध्ये थोडी चूक असते. स्टाफ जरा कललेला, खाली गवताचा पेंढा आलेला. म्हणून मी पुस्तकातली एक रीत उचलली. शाळेत बहुपदी शिकवतात ना, एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन? तसंच इथं दोन दिशांनी करायचं. पूर्व-पश्चिम अंतर एक्स, दक्षिण-उत्तर अंतर वाय, आणि दोन्ही मिळून उंचीचं एकच समीकरण. म्हणजे शेकडो पॉइंटांवर एक अखंड पृष्ठभाग अंथरायचा.

तो किती मऊ हवा हे घातावर ठरतं. पहिल्या घाताचा पृष्ठभाग म्हणजे पोळपाट. तिरका ठेवता येतो, वाकत नाही. दुसऱ्या घाताचा म्हणजे सूप, एका बाजूनं वळलेलं. तिसऱ्या घाताचा म्हणजे चटई, तिला बऱ्यापैकी उंचसखल घेता येतं. त्याहून वर गेलं की कडा वाऱ्यावर उडाल्यासारख्या कुठंही जातात. मी चटईवर थांबले. चटई अशी बसवायची. प्रत्येक पॉइंट तिच्यापासून किती वर-खाली राहिला ते मोजायचं, त्या फरकांचे वर्ग करायचे आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी आणायची. कॉम्प्युटर ते दहा मिनिटांत करायचा. वर रेषा काय सुरेख यायच्या! पहिला नकाशा साहेबांनी भिंतीवर लावला. आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "आमच्या कुंदाताईंनी केलाय. दहावी पास."

या वाडीचं काम आलं तेव्हा भाताची कापणी नुकती झाली होती. डंपीवर आमचा सर्व्हेयर विलास, आणि स्टाफ धरायला लहूदादा. लहूदादा त्याच वाडीतला, पन्नाशीच्या पुढचा. सहा-सात वर्षं आमच्याकडे स्टाफ धरत होता. आकडा वाचता यायचा, लिहिता येत नव्हतं. पण स्टाफ कसा धरायचा! खांब पुरल्यासारखा सरळ.

काम संपवून दोघं साहेबांच्या जीपमधून शहापूरला आले. मी लगेच लेव्हल बुकातले आकडे टाइप केले आणि चटई बसवली. अकरा पॉइंट चटईच्या वर राहिले. थोडेथोडके नाही, हात-हातभर वर. आणि सगळे एका ओळीत.

मी विचार केला, ओळीत काय असतं? शेतात ओळीत असतो बांध. खाली खाचरांत चिखल, म्हणून हा माणूस बांधावरून चालत गेला आणि स्टाफ बांधावरच टेकवत गेला. स्टाफवाल्यांची ही जुनी खोड. शिकवतानाच सांगतात, बांध सोडून धरा.

लहूदादा कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभा होता, स्टाफ परत द्यायला आलेला. आत येऊ लागला तसं मी म्हटलं, "थांबा थांबा, पाय बघा तुमचे." पोटरीपर्यंत वाळलेला चिखल होता. तो बाहेरच थांबला. साहेब आत होते, विलास होता, बाहेर दोन पार्ट्या बसलेल्या.

"लहूदादा, बांधावरनं चाललात ना?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"नाय बाय. भुईवर धरली."

"मग हे अकरा पॉइंट वर कसे गेले?"

"तितं भुईच वर हाय. कातळ हाय आडवा, पार खाली पोतूर गेलाय. वर गवत असतं, दिसत नाय."

"कॉम्प्युटर सांगतोय तिथं इतकी उंची असूच शकत नाही."

"तो गेला व्हता तितं?"

बाहेरचे लोक हसले. माझ्यावर हसले असं मला वाटलं आणि माझं डोकं फिरलं. मी साहेबांना म्हटलं, "असा माणूस पाठवलात तर माझ्या नकाशाची जबाबदारी मी घेणार नाही."

साहेबांनी विलासकडे बघितलं. विलास म्हणाला, "मला दुर्बिणीतून वरचे आकडे दिसतात. स्टाफचा पाय नाय दिसत." खरं होतं ते. पण त्याला आणखी काही बोलायचं होतं, ते त्यानं गिळलं.

"उद्यापासून दुसरा माणूस बघा," साहेब म्हणाले.

खांद्यावरच्या टॉवेलनं लहूदादानं स्टाफ वरपासून खालपर्यंत पुसला, कोपऱ्यात उभा केला आणि गेला. मी ते अकरा पॉइंट यादीतून काढले आणि पुन्हा चटई बसवली. आता उरलेले फरक बोटा-दोन बोटांचे. रेषा गवतावरून हात फिरवावा तशा आल्या. त्या रेषेवरून मी पाटाची लाइन आखून दिली.

खरं तर जागेवर खुंट्या ठोकल्यावर त्यांच्या लेव्हल एकदा तपासायला हव्यात. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरचा नकाशा आहे, परत कशाला फेरी?" मलाही ते ऐकायला गोडच वाटलं. खुंट्या नुसत्या टेपनं अंतर मोजून ठोकल्या आणि वाडीला सांगितलं, सगळीकडे सारखा हातभर खणा.

आता पुन्हा त्या सकाळी. पाणी सांडतंय, लोक साहेबांकडे बघतायत. विलासनं जीपमधून डंपी काढली. स्टाफ कोण धरणार? कुणीच पुढे होईना, तर लहूदादा विडी विझवून उठला. पाटाच्या तळावर त्यानं स्टाफ धरला. विलासनं वाचलं, वहीत मांडलं आणि वही साहेबांना दाखवली. पाणी जिथं थांबलं होतं तिथून पुढचे बारा मीटर तळ दोन फुटांनी वर होता. काढून टाकलेल्या पॉइंटांतला एक बरोबर तिथंच पडत होता. त्याची लहूदादानं दिलेली लेव्हल, खणलेलं हातभर वजा करून, मी मनातल्या मनात पडताळली. बोटभराचाही फरक नव्हता.

मी विलासच्या हातून वही घेतली. तेच जुनं लेव्हल बुक. मागची पानं उलटली. त्या अकरा आकड्यांसमोर, शेवटच्या रकान्यात, जो शेऱ्यासाठी असतो, पहिल्या ओळीत विलासच्या अक्षरात लिहिलेलं होतं: कातळ. खाली दहा वेळा 'वरीलप्रमाणे'ची खूण. हा रकाना मी कधीच टाइप करत नसे. माझा प्रोग्रॅम फक्त आकडे घ्यायचा, शब्द घेतच नव्हता. पण पान तर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"आता काय?"

"लाइन बदलायला हवी. कातळाला वळसा घालून."

"लाइन बदलायची म्हणजे आपला नकाशा चुकला म्हणायचं?"

"चुकलाच आहे."

"कुंदाताई, संस्थेची आणखी चार कामं आपल्याकडे आहेत. तुम्ही गप्प बसा."

आणि ते लोकांकडे वळून म्हणाले, "इथं खोली कमी पडलीये. कातळ लागला म्हणून तुम्ही वरवर खणलंत. अजून दोन फूट खाली जा, पाणी आपोआप येईल."

जानकी, लहूदादाची बायको, पुढं आली. "सायेब, पाच दिस आमी ह्यो कातळच फोडला. हातभर म्हनलात, हातभर केलाय. मापून घ्या."

"मग अजून थोडा," साहेब म्हणाले.

गर्दीतून एकजण लहूदादाला म्हणाला, "तू म्हनत व्हतास तितं चढ हाय. अरे, सायबानं सांगलं, चढ नाय, आपनच कमी खनलंय. तू तुझी बांधावरची पट्टी घेऊन बस." लोक हसले. म्हणजे शहापूरच्या त्या दारातली गोष्ट वाडीपर्यंत आली होती, आणि खणताना तो सांगत असताना त्याला असंच हसण्यावारी नेलं होतं.

तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. जीपमध्ये बसले.

चार दिवस मी ऑफिसात गेले, आले, भाकऱ्या थापल्या, रेषा काढल्या. रोज वाटायचं, आज तिथं दोन बोटं खाली गेले असतील. फोन काही त्या वाडीत नव्हता. घरी यजमान म्हणाले, "जेवण अळणी झालंय." मी म्हटलं, "मीठ घ्या वरून." एवढंच बोलणं. चौथ्या दिवशी आमच्या अंगणात मुलांनी पाणी ओतून चिखल केला, त्यात खेळली आणि तशीच घरात आली. मी ओरडायला गेले आणि माझी नजर त्यांच्या पोटऱ्यांवर गेली.

लहूदादाच्या पोटरीवर चिखल होता. जो माणूस चिखल टाळायला बांधावरून चालतो, त्याच्या पायाला पोटरीपर्यंत चिखल कसा? मी तो डोळ्यांनी बघितला होता. बघून त्याला दाराबाहेर थांबवलं होतं, आणि थांबवून त्याला विचारलं होतं की बांधावरून चाललात ना.

पाचव्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि मुरबाडची एसटी धरली. पुढे मिळाली ती जीप, शेवटी चालत. लांबूनच पहारींचा आवाज येत होता.

बारा मीटरांत तिसेक माणसं दाटीनं काम करत होती. सहा बोटं खाली गेले असतील. जानकीच्या डाव्या पंजाला लुगड्याचा फडका बांधलेला, त्यावर तपकिरी डाग. ती एका हातानं कपच्या टोपलीत भरत होती. लहूदादा पहार घेऊन मधोमध. ज्या कातळाबद्दल त्यानं सांगितलं होतं, तोच तो फोडत होता, कारण वाडी फोडत होती.

मी त्याला जांभळीच्या झाडाखाली बोलावलं. काय बोलायचं ते एसटीत ठरवून आले होते, त्यातलं काहीच आठवेना.

"लहूदादा, तुमच्या लेव्हल बरोबर होत्या. मी त्या काढून टाकल्या. चूक माझी. मला माफ करा."

त्यानं कपाळ पुसलं.

"मला काय सांगतेस बाय? मला तं ठावंच व्हतं," तो म्हणाला. "त्यांना सांग."

आवाजात राग नव्हता. तो परत जाऊन पहार घेऊन उभा राहिला, पण घाव घातला नाही. थांबला. तसे बाकीचेही एकेक करून थांबले.

मी कपच्यांच्या ढिगाजवळ उभी राहिले आणि सांगितलं. की इथं चढ आहे हे लहूदादानं कापणीनंतरच सांगितलं होतं. की मी ते खोटं म्हटलं. की साहेब म्हणाले ते खरं नाही, तुम्ही कमी खणलं नाहीये, लाइनच चुकीची आहे. कॉम्प्युटरनं काय केलं ते कसं सांगावं कळेना, तर तिथं एक घोंगडी पडली होती, ती मी दोन धोंड्यांवर ताणून धरली आणि म्हटलं, "ही घोंगडी म्हणजे माझा नकाशा. मध्ये आणखी एक धोंडा होता, तो घोंगडी वर उचलत होता. घोंगडी नीट दिसावी म्हणून मी तो धोंडाच काढला."

मग जानकी म्हणाली, "म्हंजे आमचा धोंडा तू शहापुरात बसून उचललास. एका हातानं. आन आमी हितं तीस मानसं पाच दिस पहारी मारतोय, तं हलंना."

लोक हसले. मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं असतं, पण तिच्या हातावरचा फडका दिसत होता. लहूदादा मात्र हसला नाही. त्याला बांधावरच्या पट्टीवरून बोलणारा जो माणूस होता, तोही नाही. तो खाली बघून कपच्या गोळा करायला लागला.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी साहेबांना मी सगळं सांगितलं.

"मला न विचारता गेलात?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तेही खरं," ते म्हणाले, आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. पण वाडीसमोर आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी विलासला डंपी देऊन पाठवलं. मीही गेले. लहूदादानं स्टाफ धरला. कातळ खालच्या बाजूला उतरत गेला होता. तिथं वळसा घालून नवी लाइन निघाली, साठ-सत्तर मीटर जास्त, सगळी मातीत. ती आठवड्यात खणून झाली. वालाच्या पेरणीची वेळ तोवर टळली होती. त्या वर्षी वाडीला नुसती भेंडी आणि काकडी घेता आली, तीही थोड्या जागेत. वाल गेला तो माझ्यामुळे गेला, यात दोन मतं नाहीत. जानकीचं करंगळीजवळचं बोट नंतर कधी पूर्ण मिटलं नाही.

लहूदादाला साहेबांनी परत बोलावलं. तो आला, पण त्यानं एक नवी सवय लावून घेतली. आकडा वाचून झाला की खालून ओरडायचा, "लिवलं का?" विलास म्हणायचा, "लिहिलं." तरी तो स्टाफ हलवायचा नाही. "शेवटच्या खान्यात काय लिवलं?" विलास वाचून दाखवायचा, खाचर, बांध, कातळ, उकिरडा, जे असेल ते. मगच पुढचा पॉइंट. यानं कामाला वेळ जास्त लागायचा. साहेब कुरकुरायचे, पण त्याला गप्प बस म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणाची नव्हती.

या धंद्यात एक गोष्ट मी उशिरा शिकले. हाताच्या चुका विखुरलेल्या असतात, एक इथं वर, एक तिथं खाली. अकरा आकडे एका ओळीत, एकाच बाजूला उभे असतील तर आधी जाऊन त्यांच्यावर उभं राहावं. चटई चुकते, जमीन चुकत नाही.

नंतर मी प्रोग्रॅममध्ये चौथा रकाना घातला, शब्दांचा. कॉम्प्युटरला त्याचं काही करता येत नाही. तो फक्त फरकांच्या यादीत, प्रत्येक आकड्यासमोर, तो शब्द जसाच्या तसा छापतो. गणिताला त्याचा उपयोग नाही. तो माझ्यासाठी आहे.